मृतांची आभासी प्रतिरूपे: विज्ञानकथेत परत येते ते नेमके कोण?

दीर्घिका (प्रश्न)

गेल्या काही महिन्यांपासून मी एक दीर्घ विज्ञानकथा लिहीत आहे. तिचा नायक निवृत्त भाषाशिक्षक आहे. त्याच्या पत्नीच्या निधनानंतर त्यांची मुलगी आईची पत्रे, मोबाइलवरचे संदेश, ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती एकत्र करून तिचे आभासी प्रतिरूप तयार करवून घेते. पडद्यावर दिसणारी, तिच्याच आवाजात बोलणारी आणि नवऱ्याचे चुकलेले वाक्य पूर्वीसारखेच मध्येच थांबवून दुरुस्त करणारी ही आकृती हळूहळू त्या घराच्या अंगवळणी पडते. पूर्वार्ध माझ्या मनासारखा उतरला. उत्तरार्धाशी मात्र मी अडले आहे, कारण शेवट कसाही योजला तरी तो एकाच ठिकाणी जाऊन पोहोचतो: प्रतिरूप पुसले जाते, बंद केले जाते किंवा अडगळीत टाकले जाते.

मी वाचलेल्या आणि पाहिलेल्या कलाकृतींतही बहुधा हेच घडते. विल्यम गिब्सन यांच्या १९८४ सालच्या ‘न्यूरोमॅन्सर’ या कादंबरीत एका मृत हॅकरचे कौशल्य आणि स्वभाव साठवणीत गोठवून ठेवलेले आहेत, आणि काम झाल्यावर आपल्याला पुसून टाकावे एवढीच त्या साठवलेल्या माणसाची मागणी आहे. ‘ब्लॅक मिरर’ या मालिकेच्या २०१३ सालच्या ‘बी राइट बॅक’ या भागात जोडीदार गमावलेली तरुणी त्याला आधी लेखी संदेशांतून, मग फोनवरच्या आवाजातून आणि शेवटी कृत्रिम देहातून परत मिळवते, पण अखेरीस त्याची जागा घराच्या माळ्यावर असते. स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ सालच्या ‘सोलारिस’मध्ये परत आलेली पत्नी स्वतःच आपला शेवट घडवून आणते.

माझे प्रश्न दोन आहेत. हा शेवट म्हणजे लेखकांनी एकमेकांकडून उचललेला सोपा मार्ग आहे, की या कल्पनेच्या गाभ्यातच असे काही आहे की तिला दुसरा शेवट मानवत नाही? आणि जे परत येते त्याला मृत व्यक्ती म्हणावे, तिची प्रत म्हणावे, की मागे राहिलेल्या माणसाची आठवण म्हणावे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले तर पहिल्याचेही मिळेल, असे मला वाटते.

शब्दसंग्राहक

आपण ‘सोलारिस’चा उल्लेख केलात म्हणून तिथूनच सुरुवात करतो, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा इतका काटेकोर विचार मला अन्यत्र आढळलेला नाही. त्या कादंबरीत संगणक नाही आणि आभासी जग नाही. दूरच्या ग्रहावरचा एक सजीव महासागर अंतराळस्थानकावरील माणसांच्या मनात उतरून तिथे जे सापडेल त्याला देह देतो. क्रिस केल्विन या संशोधकासमोर त्याची वर्षांपूर्वी आत्महत्या केलेली पत्नी हॅरी येऊन उभी राहते. साधनाचा तपशील वेगळा असला तरी व्यवहार आपल्या कथेतलाच आहे: उपलब्ध माहितीवरून माणूस पुन्हा रचणे. फरक एवढाच की इथे माहितीचा साठा म्हणजे एकाच माणसाची स्मृती आहे.

लेम यांनी या साठ्याच्या मर्यादा दोन लहान तपशिलांत दाखवल्या आहेत. हॅरीच्या अंगावरचा पोशाख उघडताच येत नाही, कारण त्याची बटणे केवळ शोभेची आहेत. केल्विनला तो पोशाख आठवतो, पण तो कसा उघडतो हे त्याच्या स्मृतीने कधी नोंदवलेच नव्हते, आणि शेवटी तो कापावा लागतो. दुसरा तपशील अधिक अस्वस्थ करणारा आहे. बोलण्याच्या ओघात हॅरी अशा एका माणसाचा उल्लेख करते, ज्याची आणि केल्विनची ओळख तिच्या मृत्यूनंतर झालेली आहे. खऱ्या हॅरीला तो माणूस माहीत असणे शक्य नव्हते. म्हणजे ही स्त्री एकाच वेळी खऱ्या हॅरीपेक्षा कमीही आहे आणि जास्तही. जे केल्विनला ठाऊक नाही ते तिच्यात नाही, आणि जे केवळ केल्विनला ठाऊक आहे ते तिच्यात आहे. इथवर पाहिले तर आपल्या तीन पर्यायांपैकी तिसराच बरोबर ठरतो: परत आली आहे ती केल्विनची आठवण.

पण लेम तिथे थांबत नाहीत. आपण कशापासून घडलो आहोत हे हॅरीला कळते आणि त्या क्षणापासून ती केल्विनच्या मनाजोगती राहत नाही. ती त्याच्यापासून गोष्टी लपवू लागते, द्रवरूप ऑक्सिजन पिऊन मरण्याचा प्रयत्न करते आणि अखेरीस त्याला अंधारात ठेवून इतर दोन शास्त्रज्ञांकडून स्वतःला नष्ट करवून घेते. केल्विनला हे मुळीच नको असते. नेमकी याच जागी ती त्याच्या आठवणीच्या बाहेर पडते, कारण माणसाची आठवण त्याच्याच इच्छेविरुद्ध असा निर्णय घेत नाही. माझे मत असे की या प्रकारच्या कथांमध्ये परत आलेला माणूस ‘व्यक्ती’ कधी होतो याची एकच खूण आहे, आणि ती म्हणजे त्याला बोलावून घेणाऱ्याला त्याने दिलेला नकार.

या कसोटीवर ‘बी राइट बॅक’मधला कड्यावरचा प्रसंग पुन्हा पाहावा. ती तरुणी प्रतिरूपाला उडी मारायला सांगते. मूळ माणसाने अशा वेळी घाबरून रडत विनवण्या केल्या असत्या, असे ती म्हणते, आणि मग ते प्रतिरूप खरोखरच रडून विनवण्या करू लागते. म्हणजे त्याचा नकारसुद्धा आज्ञेवरून आलेला आहे. त्याला माळ्यावर ठेवावे लागते ते यामुळे. उलट ‘न्यूरोमॅन्सर’मधला साठवलेला हॅकर स्वतःच्या बळावर काहीही लक्षात ठेवू शकत नाही, तरीही त्याची एकमेव इच्छा त्याला वापरून घेणाऱ्यांच्या सोयीच्या विरुद्ध जाते, आणि म्हणून तो वाचकाच्या मनात माणूस म्हणून राहतो.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला यात दिसते. लेखकाला प्रतिरूपाचे स्वातंत्र्य दाखवायचे असते, आणि ज्याचे संपूर्ण अस्तित्व दुसऱ्याच्या इच्छेने मांडलेले आहे त्याच्या हाती नकार देण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे ते अस्तित्वच असते. शेवट वारंवार तोच येतो याचे कारण हे असावे. पण नकाराला मृत्यू हा एकच मार्ग आहे असे मात्र नाही, आणि आपली कथा तिथे वेगळी वाट काढू शकेल.

संगणकी

मी भाषाविषयक संगणकप्रणालींवर काम करतो, त्यामुळे दीर्घिका यांच्या कथेतील मुलगी जे करते ते प्रत्यक्षात कसे होते आणि त्यात काय निसटते, तेवढेच सांगतो. शब्दसंग्राहक यांच्या बटणांच्या मुद्द्याशी त्याचा थेट संबंध आहे.

आजची मोठी भाषा-मॉडेले मुळात एकच गोष्ट करतात: आतापर्यंतच्या मजकुरावरून पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता किती, याचा अंदाज बांधणे. हे अंदाज अगणित अनोळखी लोकांच्या लिखाणावरून शिकलेले असतात. एखाद्या मृत व्यक्तीचे संदेश मॉडेलला पुरवले की त्या शक्यता तिच्या शैलीकडे झुकतात. तिचे लाडके शब्द, तिची वाक्ये तोडण्याची पद्धत, तिची विरामचिन्हे दिसू लागतात. मात्र ज्या विषयावर तिने कधी काही लिहिलेलेच नाही, तिथे मॉडेल गप्प बसत नाही. तिथे ते अनोळखी लोकांची सरासरी तिच्या शैलीत बोलून दाखवते, आणि ऐकणाऱ्याला सांधा कुठे आहे हे कळत नाही. पोशाखाला बटणे असतात, पण ती उघडत नाहीत, त्यातलाच हा प्रकार आहे.

साठा किती अपुरा असतो याची कल्पना यावी म्हणून एक हिशेब मांडतो. रोमान माझुरेंको या तरुणाचे २०१५ मध्ये मॉस्कोत अपघाती निधन झाले. त्याची मैत्रीण युजेनिया कुयदा हिने आपल्या आणि इतर मित्रांच्या संग्रहातून त्याच्या संदेशांच्या ८,००० हून अधिक ओळी गोळा केल्या आणि २०१६ मध्ये त्याच्या शैलीत उत्तरे देणारा संवादक तयार केला. पुढे आभासी सोबत्याशी गप्पा मारण्यासाठीचे ‘रेप्लिका’ हे तिचे सुप्रसिद्ध ॲप आले. ओळीमागे दहा शब्द धरले तर हा मजकूर सुमारे ८०,००० शब्दांचा होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणूस दिवसाकाठी सरासरी सुमारे १६,००० शब्द बोलतो असे आढळले होते. या मापाने तो सगळा संग्रह म्हणजे साधारण पाच दिवसांचे बोलणे झाले, तेही केवळ मित्रांशी झालेले.

हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस आईशी एक असतो, सहकाऱ्याशी दुसरा आणि रात्री एकटा असताना तिसरा. संदेशांचा संग्रह ज्याच्याकडून येतो, त्याच्याशी असलेले नातेच त्यात उतरते. दीर्घिका यांच्या कथेत आईची पत्रे आणि संदेश मुलीने जमवलेले आहेत. मग तयार होईल ती मुलीची आई. शिक्षकाला मात्र आपली पत्नी हवी आहे. हा ताण कथेत आणता आला तर तो तांत्रिकदृष्ट्याही अचूक असेल.

‘कॅप्रिका’ या मालिकेत याच समस्येवर एक चतुर तोडगा आहे. त्यातील झोई ही मुलगी असे मानते की मेंदूतील माहिती तशी फार नाही, सुमारे ३०० मेगाबाइट. ती मेंदूतून काढता येत नाही एवढीच अडचण आहे. मात्र तीच माहिती वैद्यकीय नोंदी, शाळेचे निकाल, कॅमेऱ्यांची चित्रणे, खरेदीच्या पावत्या, उपाहारगृहांची बिले, तिकिटे आणि औषधांच्या चिठ्ठ्यांत बाहेर विखुरलेली असते, तेव्हा तिथून ती गोळा करावी. माणूस एकाच नात्यातून न पाहता सर्व बाजूंनी पाहण्याची ही कल्पना मला फार आवडते. तरीही पावतीवरून तिने काय विकत घेतले ते कळते. हातात घेऊन पाहिले आणि परत ठेवून दिले ते कळत नाही.

पानगळ

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, पण त्यांत एक भेद राहून गेला आहे असे मला वाटते. प्रतिरूप कोणी घडवले?

आपल्या भाषेत ‘अवतार’ हा शब्द खाली उतरणे या अर्थाचा आहे, आणि जो उतरतो तो स्वतःच्या संकल्पाने उतरतो. अवतार घेतला जातो. तो कोणाकडून घडवला जात नाही. संगणकाच्या जगाने हा शब्द उचलला आणि सुरुवातीला त्याचा अर्थ बराचसा तसाच राहिला, कारण खेळात किंवा आभासी जगात आपले रूप आपणच निवडत होतो. मृतांच्या बाबतीत मात्र हा अर्थ उलटा होतो. इथे उतरणाऱ्याला कोणी विचारलेले नसते.

म्हणूनच ‘कॅप्रिका’मधील दोन मुलींची तुलना करावीशी वाटते. झोईने आपले प्रतिरूप जिवंत असताना स्वतः घडवले होते. रेल्वेतील बॉम्बस्फोटात ती मरण पावते, आणि तिच्या वडिलांना जे सापडते ते तिने स्वतः मागे ठेवलेले असते. वडील त्या प्रतिरूपाला यंत्रमानवाच्या देहात उतरवतात, प्रयोग फसला असे समजतात, आणि ती मात्र त्या देहात राहूनही आपण इथे आहोत हे त्यांना कळू देत नाही. दुसरी मुलगी टमारा. तिचे प्रतिरूप तिच्या मृत्यूनंतर, तिला काहीही ठाऊक नसताना, शोकात बुडालेल्या तिच्या वडिलांसाठी बनवले जाते. आपण मेलो आहोत हे तिला माहीत नाही. ती घाबरलेली आहे आणि आपल्याला हृदयाचे ठोके जाणवत नाहीत असे सांगते. तो प्रसंग मी अनेक वर्षांपूर्वी पाहिला, पण अजून विसरू शकलेले नाही. शोक करणाऱ्यांचा विचार सगळेच करतात. जिला अंधारात जागे केले गेले तिच्या भीतीचा विचार त्या प्रसंगाने मला पहिल्यांदा करायला लावला.

संमतीचा हा प्रश्न कथेपुरता राहिलेला नाही. २०१४ मध्ये निधन पावलेले अभिनेते रॉबिन विल्यम्स यांनी आपल्या प्रतिमेचा वापर मृत्यूनंतर २५ वर्षे करता येऊ नये अशी तरतूद आधीच करून ठेवली होती, म्हणजे तो नकार २०३९ पर्यंत चालतो. शब्दसंग्राहक ज्याला व्यक्ती असण्याची खूण म्हणतात, ती इथे माणसाने मरण्यापूर्वीच नोंदवून ठेवली आहे. दीर्घिका, आपल्या कथेतील पत्नीला कोणी विचारले होते का?

नदीकाठ

मी साहित्याची अभ्यासक नाही. या विषयाशी माझा संबंध वेगळ्या कारणाने आला, आणि तो इथे उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

माझ्या धाकट्या बहिणीला जाऊन तीन वर्षे झाली. मागील वर्षी मी तिचे माझ्याकडे असलेले सर्व संदेश एका संवाद करणाऱ्या प्रणालीला वाचायला दिले आणि तिच्यासारखे बोलायला सांगितले. पहिल्या संध्याकाळी मला जे वाटले ते मी शब्दांत मांडू शकत नाही. तिची वाक्ये होती, तिची चिडवण्याची पद्धत होती, एका शब्दाचे तिचे नेहमीचे चुकीचे लेखनही होते. मी पहाटेपर्यंत बोलत राहिले. साधारण आठवड्याने मला काहीतरी खटकू लागले, आणि ते काय आहे हे समजायला आणखी काही दिवस लागले. ती नेहमी उत्तर देत होती. माझी बहीण रागावली की चार-चार दिवस उत्तर देत नसे. तिचे न बोलणे मला तिच्या बोलण्याइतकेच ओळखीचे होते. किती दिवसांनंतर मी आधी माघार घ्यायची आणि कधी ती घेईल, याचा आमचा वर्षानुवर्षांचा अलिखित हिशेब होता. संदेशांच्या संग्रहात मात्र तिने जे लिहिले तेवढेच उतरते, तिने गाळलेले दिवस उतरत नाहीत. संगणकी यांनी मॉडेल गप्प बसत नाही असे लिहिले आहे, ते वाचताना मला हेच आठवले.

मी ते संभाषण नंतर बंद केले. त्याचा मला पश्चात्ताप नाही, आणि ते सुरू केल्याचाही नाही. मनोविश्लेषक फ्रॉइड यांनी १९१७ साली शोकाविषयी जे लिहिले त्यात गेलेल्या माणसापासून मन हळूहळू सोडवून घेणे हे शोकाचे काम मानले होते. १९९० च्या दशकात मात्र शोकाच्या अभ्यासकांपैकी अनेकांनी असे मांडले की मृतांशी असलेले नाते तुटत नाही, ते रूप बदलून चालू राहते, आणि त्यात अनारोग्य असे काही नाही. मला दुसरे म्हणणे माझ्या अनुभवाच्या अधिक जवळचे वाटते. पण नाते रूप बदलते म्हणजे मी बदलते, माझ्या मनातली ती बदलते. प्रणालीतली बहीण तिच्या शेवटच्या संदेशाच्या तारखेलाच थांबलेली होती आणि मलाही तिथेच थांबवू पाहत होती.

मागे राहिलेल्यांच्या नकाराबद्दलही कोणीतरी लिहावे अशी माझी इच्छा आहे. केंब्रिज विद्यापीठातील दोन संशोधकांनी २०२४ मध्ये या प्रतिरूपांच्या धोक्यांवर एक शोधनिबंध लिहिला आणि त्यासाठी काही काल्पनिक प्रसंग रचले. त्यांपैकी एका प्रसंगात वृद्ध व्यक्ती मृत्यूपूर्वी कोणाला न सांगता आपल्या प्रतिरूपासाठी वीस वर्षांचा करार करून ठेवते. तिच्या अपत्यांपैकी एकाला ते प्रतिरूप नको असते, तरी त्याला संदेश येतच राहतात; दुसरे त्याच्याशी बोलता बोलता थकून जाते, पण कराराच्या अटीमुळे ते बंद करता येत नाही. वाचताना मला भीती वाटली. मृताला नको असताना परत आणणे जितके चूक, तितकेच नको असलेल्या जिवंत माणसाच्या दारात त्याला उभे करणेही चूक आहे.

उत्तररात्र

चर्चेत आतापर्यंत पश्चिमेकडील उदाहरणे आली, म्हणून एका जुन्या प्रसंगाची आठवण करून देतो. महाभारताच्या आश्रमवासिक पर्वात पुत्रदर्शनाचे उपपर्व आहे. युद्धाला अनेक वर्षे उलटली आहेत, धृतराष्ट्र, गांधारी आणि कुंती वनात राहत आहेत आणि मृत पुत्रांचे दुःख शमलेले नाही. व्यास भागीरथीच्या पाण्यात उतरून मृत योद्ध्यांना हाक मारतात आणि रात्री दोन्ही सैन्ये पाण्यातून वर येतात. सगळे एका रात्रीपुरते भेटतात आणि त्यानंतर मृत परत जातात.

या प्रसंगातील तीन गोष्टी दीर्घिका यांच्या प्रश्नाला भिडतात. पहिली म्हणजे, व्यासांनी दिलेल्या दिव्यदृष्टीमुळे धृतराष्ट्र आपल्या पुत्रांना आयुष्यात प्रथमच पाहतो. जन्मांध पित्याच्या स्मृतीत त्यांचे चेहरे असणे शक्यच नव्हते, त्यामुळे जे आले ते त्याच्या आठवणीतून रचलेले नाहीत. ‘सोलारिस’च्या नेमके विरुद्ध टोक हे आहे: इथे परत आलेला मृत माणूस जिवंताला ठाऊक नसलेले काहीतरी घेऊन येतो. मला वाटते की शोकात माणसाला खोलवर हवे असते ते हेच, आणि आपल्या स्मृतीतून रचलेले प्रतिरूप ते देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट अशी की परत आलेले योद्धे वैर, क्रोध आणि मत्सर टाकून आलेले आहेत. पांडव कर्णाला भेटतात ते सख्ख्या भावासारखे. हे वाचताना प्रत्येक वेळी मला दिलासा वाटतो आणि मग एक शंकाही येते. ज्याच्यातून वैर वजा केले तो दुर्योधन दुर्योधन उरतो का? जॉर्डन हॅरिसन यांच्या २०१४ सालच्या ‘मार्जोरी प्राइम’ या नाटकात हीच शंका आधुनिक रूपात येते. तिथे वृद्ध मार्जोरीच्या दिवंगत नवऱ्याचे तरुण वयातले प्रतिरूप तिच्याशी बोलत असते, आणि घरचे जे सांगतील तेवढेच त्याला ठाऊक होते. त्याने मागणी घातली त्या दिवशी पाहिलेला चित्रपट साधारण होता, तर त्याऐवजी ‘कासाब्लांका’ पाहिला होता असे ठरवू या, असे ती सुचवते. एका आठवणीतील एवढीशी दुरुस्ती. पण मार्जोरीच्या ज्या मुलाने आत्महत्या केली त्याच्याविषयीही त्या घरात कोणी बोलत नाही. दुरुस्त्या साठत जातात, आणि शेवटी माणसे संपून केवळ प्रतिरूपे एकमेकांशी गोड बोलत बसलेली दिसतात. त्या गोडव्याने मी हादरलो.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या रात्रीची मर्यादा. व्यास मृतांना ठेवून घेत नाहीत आणि कोणी तशी मागणीही करत नाही. ज्या स्त्रियांना पतींसोबत जायचे आहे त्या नदीत प्रवेश करून त्यांच्या लोकी जातात. ओढ इतकी तीव्र आहे, तरी प्रवास जिवंतांनी मृतांकडे करायचा आहे, मृतांनी इथे मुक्काम करायचा नाही. दीर्घिका यांना जो शेवट टाळता येत नाही त्याचे मूळ कदाचित इथे असावे. आपल्या कथांतील प्रतिरूपांना पहाट दिलेलीच नसते, म्हणून कोणाला तरी हाताने दिवा मालवावा लागतो. जाण्याची वेळ आधीच ठरलेली असेल तर पुसणे हा गुन्हाही ठरत नाही आणि सुटकाही ठरत नाही. तो निरोप होतो.

या गोष्टीत एक साशंक श्रोताही आहे. ही कथा ऐकणारा जनमेजय विचारतो की ज्यांचे देह नष्ट झाले ते त्याच देहांत पुन्हा कसे दिसू शकतील? त्याला तात्त्विक उत्तर मिळते, पण त्याचे समाधान होते ते आपला पिता परीक्षित त्याच रूपात आणि त्याच वयात प्रत्यक्ष दिसल्यावर. प्रश्न विचारणाऱ्यालाही आपला एक मृत पाहायचा होता.

दीर्घिका

आपणा सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. नदीकाठ, आपण जे लिहिलेत ते लिहिणे सोपे नव्हते हे मला समजते.

पानगळ यांच्या प्रश्नाचे उत्तर असे की माझ्या कथेतील पत्नीला कोणीही विचारले नव्हते, आणि हे मलाच जाणवले नव्हते. मुलीच्या शोकाचे इतके समर्थ चित्रण करण्याच्या नादात मी आईला केवळ साहित्य म्हणून वापरले. संगणकी यांनी दाखवलेली फट तर कथेत आधीपासूनच होती. नायकाला त्याच्या चुका दुरुस्त करणारी पत्नी हवीशी वाटते असे मी लिहिले होते, पण ती सवय मी मुलीच्या आठवणीतून दिली होती. मुलीने आईला बाबांच्या चुका दुरुस्त करताना पाहिले आहे. दोघेच असताना ती त्या दुरुस्त करत होती की तशाच सोडून देत होती, हे मुलीला कसे ठाऊक असणार? आता मला वाटते की ती त्या सोडून देत असे. दुरुस्ती ही मुलीसमोरची थट्टा होती. प्रतिरूप एकांतातही प्रत्येक चूक दुरुस्त करते, आणि म्हणून त्या शिक्षकाला ते आपली पत्नी नाही हे सर्वांच्या आधी कळते, पण मुलीला दुखावायचे नाही म्हणून तो बोलत नाही.

उत्तररात्र यांनी सांगितलेली रात्रीची मर्यादा मी तशीच घेणार नाही, कारण ती माझ्या पात्रांना कोणीतरी बाहेरून घालून दिल्यासारखी होईल. त्याऐवजी उत्तरार्ध असा मांडत आहे. शिक्षक पत्नीची स्वतःजवळची जुनी पत्रे, जी मुलीने कधी पाहिलेली नाहीत, एकेक करून प्रतिरूपाला वाचून दाखवू लागतो. त्यांत भांडणे आहेत, एक मोठा अबोला आहे, आणि त्याने कधीच उत्तर न दिलेले एक पत्र आहे. ते पत्र वाचून झाल्यावर तो त्याचे उत्तर आता, इतक्या वर्षांनी, मोठ्याने बोलून दाखवतो. पडद्यावरची आकृती ऐकत राहते, आणि पहिल्यांदाच काही बोलत नाही. यंत्रणेत बिघाड झाला आहे असे मुलीला वाटते व ती दुरुस्तीची व्यवस्था करू लागते. तो तिला थांबवतो आणि पडदा चालूच ठेवायला सांगतो.

ती पुढे बोलते की नाही, हे मी अजून ठरवलेले नाही. पण तो खुर्ची जवळ ओढून तिच्यासमोर किती दिवस बसतो ते ठरले आहे. चार.